झाडून घालवलेलं पटांगण

अड्याळहून पवनीकडे निघालं की डाव्या हाताला पाच राइस मिल एका ओळीत उभ्या आहेत. उभ्या आहेत म्हणजे पडायच्या राहिल्या आहेत. टिनांना भोकं पडलीत, भिंतींतून पिंपळ निघालेत आणि पाट्यांवरची अर्धी अक्षरं ऊनपावसानं पुसून नेलीत. पहिल्या चार मिलच्या मागे बेशरमाची झुडपं आहेत. पाचवीच्या मागे मात्र दीड एकराचं सिमेंटचं पटांगण आहे, आणि त्या पटांगणावर शेवंताबाईंचं राज्य आहे.

राज्य हा शब्द मी जपून वापरतोय. मिलचे मालक भय्याजी. सातबारा त्यांच्या नावावर, घरपट्टी त्यांच्या नावावर, आणि ती न भरल्याच्या नोटिसाही त्यांच्याच नावावर. पण भय्याजींना त्या पटांगणातून पलीकडे जायचं असेल तर ते कडेला उभे राहून विचारतात, "बाई, येऊ का?" आणि शेवंताबाई त्यांच्या पायांकडे पाहून म्हणतात, "जोडे काढा."

उसना तांदूळ ज्यांनी फक्त ताटात पाहिला, त्यांच्यासाठी सांगतो. धान आधी हौदात भिजवायचं, मग वाफेवर उसनायचं, मग उन्हात पसरायचं. पसरलं की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. बाया अनवाणी, एका ओळीत, पाय न उचलता धानातून चालत जातात. पावलांनी सऱ्या पडतात, खालचा ओला दाणा वर येतो, वरचा खाली जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी एक फेरी झाली की तिला "एक पाय" म्हणतात. दिवसाला असे सात-आठ पाय द्यावे लागतात. कमी दिले तर दाणा आत ओला राहतो, जास्त दिले तर गिरणीत तुटतो.

किती पाय द्यायचे हे शेवंताबाई ठरवत. आसगावहून लग्न होऊन आल्या तेव्हा अठराच्या होत्या. तिशीत मुकादम झाल्या. आज सदुसष्टाव्या वर्षीही त्यांचा तळपाय नोकरीवर आहे. चालता चालता मधेच थांबतात, अंगठा दाबतात आणि म्हणतात, "इथे ओला हाय." भय्याजींनी एकदा ओल मोजायचं यंत्र आणलं होतं. यंत्राचा आकडा आणि शेवंताबाईंचा तळपाय यांत फरक पडला की भय्याजी यंत्र दुरुस्तीला पाठवायचे.

पंधरा वर्षांपूर्वी मिल बंद पडली. मोठ्या गिरण्यांत गरम हवेचे ड्रायर आले, त्यांना ना ऊन लागतं ना पाय. मजूर गेले, मशीन भंगारात गेली. शेवंताबाई मात्र सोमवारी नेहमीच्या वेळी आल्या. सोबत घरचं पोतंभर धान होतं. मंगळवारी जुन्या ओळीतली कलाबाई आली. पाहता पाहता बावीस बाया झाल्या. मार्गशीर्ष-पौषात त्यांचं धान, फाल्गुनात लाखोळीची डाळ, चैत्रात मोहफुलं, वैशाखात पापड आणि वड्या. पावसाचे दोन महिने सोडले तर पटांगण कधी मोकळं नसतं. त्या बावीस चुलींचा उसना तांदूळ अड्याळच्या बाजारात जातो आणि दुपारच्या आत संपतो.

धान उसनायला आता बॉयलर नाही, डांबराचं एक जुनं पिंप आहे. त्याखाली कोंड्याचा जाळ. या पिंपावर टिकारामजींची नेमणूक आहे. टिकारामजी मिलचे जुने बॉयलरवाले. तेव्हा त्यांच्या हाताखाली दोन फायरमन होते, आता एक पिंप आहे. पण ते त्याच्याकडे अजूनही घड्याळ लावून पाहतात, आणि झाकण काढायच्या आधी सगळ्यांना मागे सरकायला सांगतात.

"काय गा बाइलरवाले," शेवंताबाई म्हणतात, "फुटन का काय तुह्यं पिंप?"

"शेवंताबाई, वाफ हाय ते. वाफेचा भरोसा नसते."

"तुह्याबी नाई. झाकन काढ."

तर असं सगळं सुरळीत असताना सरकारला या पाच मिल आठवल्या. पडीक औद्योगिक जागांचा पुनर्विकास करायचा, पण कसाही नाही, शाश्वत करायचा, अशी एक योजना आली. शाश्वत हा शब्द पूर्वी आम्हाला फक्त कीर्तनात भेटायचा, तोही बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात. आता तो शंभरपैकी गुण घेऊन आला होता. जुन्या भिंती किती टिकतील, पाणी कुठे जाईल, जागेचा सध्या वापर काय, पुढे कोणाला काम मिळेल, अशा चौसष्ट प्रश्नांचा एक तक्ता होता. तो भरायला नागपूरहून रुचिका नावाची इंजिनिअर येणार होती.

ही बातमी टिकारामजींनी आणली. "बुधवारी मॅडम येऊन राहिल्या. सारं पाहनार हाय."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या भागात पाहुणा येणार म्हटलं की घर दिसू नये असं आवरतात. वापरातली भांडी फळीवर, खाटेवरच्या वाकळी खाटेखाली, आणि माणसंसुद्धा शक्य तितकी मागच्या दारी. शेवंताबाईंनी मंगळवारी फर्मान काढलं, "एवढ्या दूरून बाई येऊन राहिली. घान दिसली तं अड्याळचं नाक जाईन."

बावीस बायांनी अर्धवट वाळलेलं धान पोत्यांत भरून मिलच्या आत, अंधारात, नेऊन लपवलं. पिंप झुडपांत लोटलं. टिकारामजींना त्याच्यासोबत राहायला सांगितलं. मग पटांगण झाडलं, धुतलं, पुन्हा झाडलं. बुधवारी पहाटे शेणाचा सडा घातला, मधोमध रांगोळी काढली. सिमेंटवर सडा मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

रुचिका आली. पंचविशीतली, पाठीवर पिशवी, हातात टॅब्लेट. तिनं मिलच्या भिंती ठोकून पाहिल्या, विटा मोजल्या, आणि भय्याजींना जे सांगितलं ते मला फार आवडलं. ती म्हणाली, "या भिंती पाडू नका. उभी भिंत पाडून नवी बांधणं म्हणजे ताट खरकटं झालं म्हणून ते वितळवून नवं ताट करण्यासारखं आहे." भंडारा पितळेच्या भांड्यांचा, तिथल्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो. भय्याजींनी मान डोलावली.

मग ती मागे आली आणि थबकली. दीड एकर सिमेंट लखलखत होतं.

"मॅडम," शेवंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक दाना दिसला तं माहं नाव बदलून ठेवा!"

"छानच ठेवलंय," रुचिका म्हणाली. "इथे सध्या कोणी काही काम करतं का?"

पन्नास वर्षांत शेवंताबाईंनी कागदवाली माणसं पुष्कळ पाहिली होती. कागदवाला असा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला कोणाला तरी उठवायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जागा भय्याजींची, त्या नुसत्याच येऊन बसलेल्या. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं.

"नाई बाप्पा! इथे कोन काय करन? पाखरू पाय नाई ठेवत."

"नक्की?"

"लिवून घ्या."

रुचिकानं लिहून घेतलं आणि स्थानिक व्यक्ती म्हणून त्यांची सही मागितली. शेवंताबाईंनी मोठ्या अक्षरांत सही केली. मग सगळ्या बायांनी मिळून तिला चहा पाजला, आणि जीप वळणाआड गेल्यावर एकमेकींकडे अशा पाहू लागल्या की जणू जिल्ह्यातून पहिला नंबर आला.

तीन आठवड्यांनी ग्रामपंचायतीच्या ओसरीत अहवालाचा मसुदा लागला. कलाबाई चष्मा लावून तो वाचून आली. आली ती धावतच.

"काकू, आपलं पटांगन रिकामं हाय म्हनून लिवलं! फोडून टाकनार हाय. गाड्या उभ्या करतीन म्हने तिथे, एकशे वीस!"

"रिकामं? कोन सांगतलं रिकामं?"

कलाबाईनं चष्मा काढला. "खाली तुमची सही हाय, काकू."

एकशे वीस चारचाकी गाड्या एकत्र पाहायच्या तर आमच्याकडे एखाद्या आमदाराच्या घरचं लग्न लागावं लागतं. पण तो विचार हसण्याचा नव्हता. पटांगण गेलं तर बावीस बायांचं धान जाणार होतं डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या चाकाखाली. आणि चाकाखालून आलेला तांदूळ अड्याळच्या बाजारात कोणी दुपारपर्यंत संपवत नाही. पटांगणाच्या चारही कोपऱ्यांवर एका सकाळी चुन्याच्या खुणाही उमटल्या.

शेवंताबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. टिकारामजी इतके घाबरले की त्यांनी पिंपाचं झाकण काढताना कोणालाही मागे सरकायला सांगितलं नाही. "शिवी तं द्या, बाई," ते म्हणाले. "बिमार पडल्यासारखं वाटून राहिलं मले."

तिसऱ्या दिवशी शेवंताबाई ग्रामपंचायतीत गेल्या. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. तिथल्या लिपिकानं अहवाल काढून दाखवला. "आजी, हरकत कोणावर घेता? जबानी तुमचीच आहे."

"माह्यावरच घेते. लिव."

"काय लिहू?"

"लिव, शेवंताबाई खोटं बोलली."

लिपिकानं पेन खाली ठेवला. त्याच्या नोकरीत असा अर्ज आला नव्हता. बायकोवर, भावावर, सरपंचावर खोटेपणाचे अर्ज आलेले. स्वतःवर कोणी केला नव्हता. "असं नाही चालत. कारण लागतं."

शेवंताबाईंनी विचार केला. "लिव, पाहुने येनार होते म्हनून."

एवढा लहान आणि एवढा खरा अर्ज त्या ओसरीतून पुन्हा जायचा नाही. वीसेक वर्षं जिच्या शब्दावर मिलचं धान उन्हातून उचललं जायचं, त्या बाईनं आपला शब्द खोटा होता असं भर दुपारी, चार माणसांसमोर लिहून दिलं. मी तिथे दाखल्यासाठी बसलो होतो. माझा दाखला मागायचं मी विसरून गेलो.

नागपूरहून उत्तर आलं. पुन्हा पाहणी होईल, पण या वेळी न सांगता.

इथून शेवंताबाईंची खरी परीक्षा सुरू झाली. पटांगण जसं आहे तसं दिसायला हवं होतं. म्हणजे झाडायचं नव्हतं. धान उसनणं, पसरणं, पाय देणं चालू होतं. पण कडेला पडलेला कोंडा, फाटकी पोती, राख, शेळीच्या लेंड्या, टिकारामजींच्या विडीची थोटकं, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्याच दिवशी कलाबाई एका कोपऱ्यात पाठ करून हळूच झाडताना सापडली.

"हात राहत नाई, काकू!" ती रडकुंडीला आली. "कोपऱ्यात कोन पाहते?"

"कोपराच पाहते ते बाई. आन झाडू इकडे."

शेवंताबाईंनी पटांगणावरचे सगळे झाडू गोळा केले, मिलच्या आतल्या खोलीत कोंडले, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. शेवटचा कागद येईपर्यंत ती गाठ सुटायची नव्हती. धान ओढायची लाकडी फळी तेवढी बाहेर ठेवली. स्वतः मात्र त्या कोपऱ्याजवळून जाताना तोंड फिरवून घ्यायच्या, जसं काही तिथे जावई उघडा बसलाय.

नवव्या दिवशी, मंगळवारी, ऐन दुपारी जीप आली. पटांगणभर धान पसरलेलं, बाया चौथा पाय देत होत्या. रुचिका उतरली आणि पुन्हा थबकली. या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती.

"मॅडम," शेवंताबाई खाली मान घालून म्हणाल्या, "घान हाय."

"आजी," रुचिका म्हणाली, "हे त्या दिवशी का नाही दाखवलंत?"

"तुमी तं पाहुने होत्या ना बाई. पाहुन्याले का कोनी काम दाखवते?"

रुचिकानं टॅब्लेट काढला. तिनं सरळ सांगितलं की एकदा दिलेली जबानी नुसत्या दुसऱ्या जबानीनं खोडता येत नाही. मोजमाप हवं. शिवाय सिमेंट फोडायचं तिनं उगाच लिहिलं नव्हतं. फोडलं तर पाणी जमिनीत मुरेल, असा तिचा हिशेब होता. तिला पलीकडच्या टोकाच्या नाल्या पाहायच्या होत्या. ती कडेनं निघाली, तर कडेला पिंप, जाळ आणि टिकारामजी.

"मागे सरका!" टिकारामजी ओरडले. "वाफ हाय!"

"मधून जा," शेवंताबाई म्हणाल्या. "जोडे काढा."

"धानावरून?"

"धानातून. पाय उचलू नोका. उचलला तं दाना तुटते. ओढा."

रुचिकानं बूट काढले, मोजे काढले, आणि बावीस बायांच्या ओळीत तेविसावी म्हणून उभी राहिली. ओळ निघाली. दहा पावलांवर तिचे तळवे पोळले, वीस पावलांवर ती उड्या मारू लागली.

"मॅडम, नाचू नोका!" कलाबाई ओरडली.

"पोळतंय!"

"पोळतेच! थांबली तं जास्त पोळते!"

पलीकडे पोचली तेव्हा तिचं तोंड मिरचीसारखं झालं होतं. शेवंताबाईंनी तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, आणि उरलेलं पटांगणाच्या मोकळ्या कडेवर. ते पाणी एका बाजूला वळलं, नालीत उतरलं आणि मागच्या बोडीकडे, म्हणजे आमच्या लहान तळ्याकडे, निघालं.

"हे पटांगन सपाट नाई, बाई. पाठीसारखं हाय, मधात उंच. पावसाचं सारं पानी बोडीत जाते. बोडीखाली मुरूम हाय, तिथून खालच्या विहिरीत झिरपते. तुमी म्हनता, फोडलं तं पानी इथेच मुरन. इथे खाली कन्हार हाय, चिकन काळी माती. थे पानी पेत नाई, पकडून ठेवते. मंग पानी कुठे जाईन? उताराले घर कोनाचं हाय?"

उताराला भय्याजींचं घर होतं. गर्दीच्या मागे उभे असलेले भय्याजी पहिल्यांदाच पुढे आले. "मॅडम, एक डाव खड्डा खनूनच पाहा ना!"

रुचिकानं मातीचा खड्डा करून पाणी ओतलं. अर्धा तास झाला तरी पाणी तसंच. ती खड्ड्याकडे पाहत होती, शेवंताबाई तिच्याकडे. मग तिनं टॅब्लेटवर बोट ठेवलं आणि बायांना एकेक विचारत गेली. किती जणी, किती महिने, दिवसाला किती फेऱ्या, काय काय वाळवता. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. आठव्यापर्यंत उरलेले सगळे पाय तिनं मोजले. शेवटचा स्वतः दिला.

तिची सरी सगळ्यांत वाकडी पडली होती. बावीस सरळ रेघांत एक रेघ साप गेल्यासारखी. कलाबाई ती सरळ करायला निघाली तर दोघीतिघींनी अडवलं. "राहू दे व! मॅडमची हाय."

शेवंताबाईंनीही ती रेघ तशीच राहू दिली. जीप गेल्यावर मात्र त्या उठल्या आणि एकट्यानं, सावकाश, त्या रेघेतून पाय ओढत गेल्या. कौतुक आपल्या जागी. दाणा ओला राहिला असता.

अंतिम अहवाल चैत्रात आला. रुचिका तो स्वतः घेऊन आली. पटांगणावर मोहफुलं पसरली होती, वासानं डोकं जड झालं होतं. पाचपैकी चार मिलच्या भिंती राहणार होत्या आणि आत विणकरांची, तांदळाची दुकानं निघणार होती. जुन्या बॉयलरचं धुराडं जपायचं ठरलं होतं, त्या तोऱ्यामुळे टिकारामजींशी बोलणं आणखी कठीण झालं होतं. गाड्या रस्त्याच्या बाजूला, तीस.

"पटांगनाचं वाचा," शेवंताबाई म्हणाल्या.

रुचिका वाचू लागली. "वाळवणाचं पटांगण, आहे तसं, आहे तेवढं ठेवावं. सध्याचा वापर, वर्षातून दहा महिने. बावीस महिला. धानाच्या दिवसांत रोज सात ते आठ पाय."

"पाय लिवला?"

"लिहिला. वरचे साहेब विचारत होते, पाय म्हणजे काय. मी म्हटलं, जोडे काढून या."

शेवंताबाई हसल्या. पण कागद हातात घेतला नाही. "अजून एक डाव वाच. मागच्या बारीनं न वाचता सही केली होती मी."

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी मोहफुलांचा चिकटपणा पदराला पुसला आणि सही केली. अक्षरं पहिल्यापेक्षा लहान होती, पण प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. रुचिकानं कागद पिशवीत ठेवला.

"आता पुढच्या बारीनं येशीन तं सांगून येजो, पोरी."

"का? पुन्हा धुऊन ठेवाल?"

"नाई व! चाय तं मांडावी लागते का नाई?"

जीप वळणाआड गेली. शेवंताबाईंनी चारी बाजूंना एकदा नजर फिरवली. कडेचा कोंडा, राख, पोती, तो कोपरा. मग पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडवली आणि किल्ली पुढे केली.

"कलाबाई, कुलूप काढ. झाडू आन."